पेशी झोपवायचा प्रयोग

श्रीवर्धन,
५ जानेवारी २०२५

रश्मी,

जय भीम. आशीर्वादही लिहिणार होतो, पण तीन वर्षं ज्या बापाशी तू बोलत नाहीस त्याचे आशीर्वाद तुला चालतात की नाही ठाऊक नाही, म्हणून जय भीमवर थांबलो.

तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे हे प्रितमने सांगितलं. घराचा पत्ता तसा बंद करता येत नाही, म्हणून हे पाकीट. पत्ता त्याच्याच फोनमधून उतरवून घेतला. जर्मन अक्षरांच्या डोक्यावरची दोन-दोन टिंबंसुद्धा नीट दिली आहेत. शुद्धलेखनात तुझा बाप अजून कच्चा नाही.

काल तुझा तो मराठीतला कार्यक्रम ऐकला. स्टँडसमोरच्या दुकानात प्रितमने एका गिऱ्हाइकाच्या दुरुस्त केलेल्या टॅबवर लावला होता. दोघं स्टुलावर बसून तासभर हललो नाही. तू जाड झालीस का? की कॅमेऱ्यात तसं दिसतं? असो. विषय मला समजला, हे तुला कळावं म्हणून लिहितो. आपल्या रक्तात पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. परकं काही शिरलं की त्यांना हाक जाते, त्या जाग्या होतात, वाढतात, तुटून पडतात. पण अंतराळात, जिथे वजन जाणवत नाही, तिथे हाक पोचूनही त्या धड जाग्या होत नाहीत. म्हणजे शाळेची घंटा वाजते, पण पोरं मैदानातून वर्गाकडे वळतच नाहीत. तू जमिनीवर त्या पेशी यंत्रात सावकाश फिरवत ठेवतेस, म्हणजे त्यांना खालीवर कळत नाही आणि त्या अंतराळात असल्यासारख्या वागतात. बरोबर ना? चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण हे आमच्या पुस्तकात नव्हतं.

ऐकताना प्रितम एकदम म्हणाला, "बाबा, म्हणजे ताईची किडनी ज्या पेशींपासून वाचवायची, त्याच ह्या." मी त्याला विचारलं, सख्ख्या बहिणीची किडनी परकी कशी? तो म्हणाला, "पेशींना नातं कुठे समजतं?"

मला मुंबईच्या हॉस्पिटलमधली ती समिती आठवली. टेबलापलीकडे पाच माणसं, कॅमेरा चालू. त्यांनी तुला विचारलं, किडनी स्वतःच्या इच्छेने देताय का, घरातल्या कुणाचा दबाव आहे का? तू माझ्याकडे बघितलंस. आदला आठवडाभर मी घरात काय काय बोललो होतो ते मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे. भावाला मारून जर्मनीत सुखाने नोकरी करशील का, इथपर्यंत गेलो होतो. तू समितीला "दबाव नाही" म्हणालीस. त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस.

माफी मागायला मला तीन वर्षं लागली. मागतो.

प्रितम बरा आहे. फक्त त्या पेशी दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांनी त्याचे हात थरथरतात. मोबाईलचा स्क्रू तिळाएवढा. चिमट्यात धरतो, आणि तो उडून कुठेतरी जातो. मग दोघं जमिनीवर शोधत बसतो. डॉक्टरांनी डोस आणखी कमी करता येणार नाही म्हणून सांगितलं आहे. तुला तो हे सांगत नाही. म्हणतो, ताईने अख्खी किडनी दिली आणि मी गोळ्यांची कुरकुर करू?

तुझा,
बाबा


१९ जानेवारी

रश्मी,

पहिलं पाकीट अजून वाटेत असेल. तरी हे लिहितो, कारण एक शंका आहे, आणि ती विचारायला तुझ्याहून योग्य माणूस जगात कुणी नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी एका मुलीने तुला विचारलं होतं की अंतराळवीर वजनाशिवाय वावरण्याचा सराव कुठे करतात. तू म्हणालीस, पाण्याच्या मोठ्या टाकीत. तेव्हापासून माझं डोकं थांबलेलं नाही. पाण्यात वस्तूचं वजन घटतं, हा धडा मी किती वर्गांना दिला असेन! बादलीत दगड सोडून स्प्रिंगच्या काट्यावर दाखवायचो. आणि समुद्राचं पाणी खारं, म्हणजे गोड्या पाण्याहून जास्त उचलून धरणारं.

तर प्रश्न असा. माणूस रोज तासभर समुद्राच्या शांत पाण्यात उताणा तरंगत राहिला, तर त्याच्या अंगातल्या त्या पेशी सुस्तावतील का? थोड्या जरी सुस्तावल्या, तर गोळ्या थोड्या कमी चालतील का? प्रितमचे हात थांबले तर दुकान राहील. गेल्या आठवड्यात एका बाईंच्या फोनची काच त्याच्या हातून गेली. तो दोन दिवस जेवला नाही.

तुझ्या आईला हे बोलून दाखवलं. जयमालाबाईंचं उत्तर ऐक: "पान्यात झोपवून किडनी सांभालत्यात व्हय? म्हशी हायत का आपन? पोरीनं आंगातली काडून दिलेली हाय ती, तिच्याशी खेलू नका." तिला विज्ञान कधी पटलं नाही. ग्रहणात ती अजूनही पाण्याचा हंडा झाकते.

मुंबईच्या डॉक्टरांना विचारावं असं तुला वाटेल. ते दहा मिनिटांत तीन पेशंट बघतात. त्यांना हे ऐकवलं तर हसतील. तू हसणार नाहीस.

हो किंवा नाही, एवढंच कळव. मला कळवणं नको वाटलं तर प्रितमला कळव. त्याला मी सांगितलंय की तूच बोलल्याशिवाय हा विषय फोनवर काढायचा नाही. नाहीतर रविवारच्या गप्पांत तुला पहिल्यांदा त्याचे थरथरणारे हातच कळायचे, आणि ते त्याला नको आहे. तुझं उत्तर येईपर्यंत मी त्याला पाण्यात पाऊलही टाकू देणार नाही. शब्द देतो.

बाबा


२ मार्च

रश्मी,

बेचाळीस दिवस वाट पाहिली. पोस्टमन आता मला लांबूनच हात हलवून "नाही" सांगतो. पोस्टातल्या नेत्रा मॅडमनी संगणकावर बघून सांगितलं की दोन्ही पाकिटं तुझ्या पत्त्यावर पोचली आहेत, पहिलं २१ जानेवारीला आणि दुसरं ३ फेब्रुवारीला.

पोचलं आणि उत्तर नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? वर्गात मी धडा संपवून विचारायचो, कुणाला काही शंका? कुणी हात वर केला नाही की पुढचा धडा. तू तर चूक दिसली की गप्प न बसणारी. पाचवीत असताना भर वर्गात माझा भागाकार चुकला म्हणून उभी राहिली होतीस. यात चूक असती, तर माझ्यावर कितीही राग असला तरी निदान भावासाठी एक ओळ लिहिली असतीस. मी तुझ्या गप्प राहण्याला होकार समजलो.

काल सुरुवात केली. बंदराच्या आतल्या अंगाला, जिथे लाट येत नाही तिथे. भरती पुरी झाल्यावर पाणी थोडा वेळ थांबतं, तेवढीच वेळ साधायची. इथे वेळेचा हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट. काल द्वितीया, म्हणजे दीडची भरती. रोज पाऊण-पाऊण तास पुढे सरकायचं. सदा होडीतून जाळं उतरवत होता. त्याने विचारलं, "गुरुजी, पोराला कसला भिजवताव?" मी म्हटलं, प्रयोग आहे. तो म्हणाला, "बरा हाय. ऊन लय हाय, टोपी घाला त्याला."

मी छातीभर पाण्यात उभा राहिलो आणि प्रितमच्या पाठीखाली तळहात धरला. रश्मी, चौतीस वर्षांचा माणूस, आणि हाताला वजनच लागेना. तू आणि तो लहान असताना तुम्हाला पोहायला शिकवलं होतं, तेव्हाही असाच हात धरला होता. त्याने डोळे मिटले होते. म्हणाला, "बाबा, कान पाण्यात गेले की सगळं गप्प होतं." मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला ऑपरेशननंतरही वाटलं नव्हतं.

बाबा

ता. क. सकाळच्या गोळ्या आजपासून बंद केल्या. संध्याकाळच्या चालू आहेत. हे मी प्रितमच्या मागे लागून केलं असं नाही. त्याने विचारलं, मी हो म्हटलं. आईला सांगितलेलं नाही.


१६ एप्रिल

रश्मी,

तुला पटणार नाही. प्रितमचे हात थांबले! परवाच्या जयंतीला निळे फेटे बांधायला सगळी पोरं त्याच्याकडे रांगेत उभी होती. मागच्या वर्षी त्याला स्वतःचाही बांधता आला नव्हता. संध्याकाळी मिरवणुकीत तो स्टँडपासून विहारापर्यंत चालत आला. आई सारखी मागे वळून बघत होती आणि मी मान ताठ करून चाललो होतो.

दुकानातही रोज तीन-चार फोन होतात. परवा एका पर्यटकाचा पाण्यात पडलेला फोन त्याने उघडून, वाळवून, परत चालू केला. तो माणूस काशीदहून मुद्दाम आला होता.

रोज पाण्यात जातो. एकही दिवस चुकला नाही. मी एक वही केली आहे, तारीख, तिथी, पाण्यात किती वेळ, हातांची स्थिती. तुला पाठवीन. तुझ्या प्रयोगशाळेला उपयोगी पडली तर माझं नाव नको, प्रितमचं लिही.

पाय जरा सुजलेत त्याचे. मिरवणुकीत चालला, त्यामुळे असेल. आई त्याच्या पायावर बोट दाबून बघते. खळगा पडतो आणि लगेच भरत नाही. ती माझ्याकडे बघते. उन्हाळा आहे, मीठ जास्त जात असेल. आजपासून लोणचं बंद केलं.

पुढची तपासणी मेमध्ये आहे. तेव्हा डॉक्टरांना सगळं सांगू आणि त्यांचा चेहरा बघू, असं आम्ही दोघांनी ठरवलंय.

बाबा


मुंबई,
११ मे

रश्मी,

हे हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे. हे पत्र फाडून टाकीन असं मनात येतं, पण लिहितो.

मेच्या तपासणीपर्यंत थांबता आलं नाही. चोवीस एप्रिलला तो शेवटचा पाण्यात गेला. पंचवीसला सकाळी त्याला चप्पल पायात घालता येईना आणि तोंड सुजलेलं. माणगावमार्गे गाडी करून आणलं. रक्ताचा रिपोर्ट आला, मग सुई घालून किडनीचा तुकडा काढून तपासला. तुझ्या पेशी जाग्या झाल्या आहेत, रश्मी. तुझ्या म्हणजे तू ज्यांचा अभ्यास करतेस त्या. नुसत्या जाग्या नाहीत, किडनीभर पसरल्या आहेत.

डॉक्टरांनी माझ्यासमोर प्रितमला विचारलं, गोळ्या चुकवल्यात का? खरं सांगा, इथे कुणी ओरडणार नाही. प्रितमने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मीच विसरायचो, सर. दुकानाच्या गडबडीत." आणि मी, चौतीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारा, खाली फरशीकडे बघत बसलो. माझी दोन्ही मुलं माझ्यासाठी हॉस्पिटलमध्ये खोटं बोलली.

दुसऱ्या दिवशी मी एकटा डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वहीसुद्धा पुढे ठेवली. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही शेवटपर्यंत चाळली आणि शांतपणे समजावलं. पाणी माणसाला बाहेरून उचलून धरतं. आतल्या रक्ताला, आतल्या पेशीला पृथ्वी तशीच खेचत असते. आणि तरंगून पेशी झोपल्या असत्या, तरी दिवसाचे तेवीस तास तर तो जमिनीवरच होता. हात थांबले ते गोळ्या बंद केल्यामुळे, पाण्यामुळे नाही. हे नववीच्या मुलाने लिहिलं असतं तर मी त्याला पूर्ण मार्क दिले असते. मला का सुचलं नाही? सुचलं नाही असं नाही. एकदा पाण्यात उभा असताना मनात आलं होतं. मी ते बाजूला सारलं, कारण हात थांबलेले दिसत होते.

तुझा कार्यक्रम इथे पुन्हा ऐकला. तू स्पष्ट म्हणाली आहेस, की याचा रुग्णांना उपयोग व्हायला अजून फार वर्षं लागतील आणि तोवर कुणी औषधात बदल करू नये. मी ते वाक्य पहिल्यांदा ऐकलंच नव्हतं. प्रितम म्हणतो, त्यानेही नाही.

मोठी इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर "बघू" म्हणतात. आई गावाहून आली. तिला गोळ्यांचं सांगितलं. ती ओरडेल, मारेल, असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "पोरीला काय सांगाल आता?"

तू एक ओळ लिहिली असतीस, रश्मी. फक्त "नाही" एवढंच. मी थांबलो असतो. शपथेवर सांगतो, थांबलो असतो. हे लिहायला नको होतं, पण खोडत नाही.

बाबा


श्रीवर्धन,
२९ जून

चि. रश्मी,

पाकिटावरचं अक्षर प्रितमचं आहे, म्हणून तू ते उघडलंस. आतलं माझं आहे. आता हातात घेतलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच. पान एकच आहे.

किडनी गेली. पाण्याचं आणि गोळ्यांचंही प्रितमने तुला परवा फोनवर सांगितलंच. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी माणगावला नेतो. सकाळची एसटी धरतो, दुपार टळल्यावर परत. माझी किडनी घ्या म्हणून मी डॉक्टरांच्या मागे लागलो. सदुसष्ट वय आणि साखर, म्हणून त्यांनी तपासायलाही घेतली नाही. आईचा रक्तगट जुळत नाही. नाव यादीत घातलंय. यादी कधी पुढे सरकते, कुणाला सांगता येत नाही. मला करण्यासारखं काही उरलेलं नाही. बसमध्ये त्याच्या हाताची पट्टी ओली होत नाही ना, एवढंच बघत असतो.

तू फोनवर प्रितमला म्हणालीस की बाबांची पाच पाकिटं माझ्या कपाटात तशीच पडली आहेत, अक्षर ओळखून एकही उघडलं नाही. आणि तू रडत विचारलंस, त्यांत त्यांनी मला आधी विचारलं होतं का? मी उघडलं असतं तर वाचली असती का? प्रितमने फोन माझ्याकडे आणला, पण तोवर तू ठेवला होतास. म्हणून हे लिहितो.

नाही. विचारलं नव्हतं.

४ जानेवारीला तुझा कार्यक्रम ऐकला आणि सहा तारखेला मी त्याला पाण्यात नेलं. सकाळच्या गोळ्या त्याच दिवसापासून बंद केल्या. तुझ्याकडे पहिलं पाकीट पोचेपर्यंत पंधरा-वीस दिवस होऊन गेले होते. म्हणजे तू ते लगेच फोडलं असतंस, त्याच मिनिटाला फोन केला असतास, तरी उशीरच होता. आणि तुझा फोन आला असता तरी मी ऐकलं नसतं. मी कधी कुणाचं ऐकलंय? आईला विचार. समितीच्या आदल्या आठवड्यात तू इतकं समजावलं होतंस, तेव्हा तरी ऐकलं होतं का?

प्रितमला तारखा विचारू नकोस. त्या दिवसांतलं त्याला नीट आठवत नाही, डायलिसिसने तो थकलेला असतो.

आणि ती पाच पाकिटं आता उघडू नकोस. त्यांत काही नाही. सुपारी किती झाली, कुणाच्या लग्नाला गेलो, नेत्रा मॅडमची बदली, असलंच सगळं. म्हाताऱ्या मास्तरची बडबड. उगाच वेळ जाईल तुझा. तुझ्याकडे कागदासाठी वेगळा कचऱ्याचा डबा असतो म्हणे. त्यात टाक, न वाचता. आजच टाक. टाकल्यावर प्रितमला एवढंच कळव की टाकली.

बाबांचं एवढं एक ऐक.

बाबा